मोटर काढायची घाई करू नका : विहीर-बोअरचा पंप अडला तर काय करावं

पाणी थांबलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "मोटर जळली." म्हणणाऱ्याने तोवर स्टार्टरचं झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. मी बोअरमधून वर ओढलेल्या मोटरींपैकी बऱ्याच तर काढायची गरजच नव्हती. दोष वर स्टार्टरच्या पेटीत, हाताच्या अंतरावर होता आणि आम्ही चार माणसं घाम गाळत पाइप ओढत होतो. तेव्हापासून वरचं सगळं तपासून झाल्याशिवाय मी खालचं काही हलवत नाही. हलवावंच लागलं, तर केबलचा जॉइंट असा करतो की त्याच्यापायी मोटर पुन्हा वर यायला नको.

फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची, पाणी परत न जाऊ देणारी झडप) अडकलाय, पाना पडलाय, काहीही असो, विहिरीत उतरायचं नाही. खोल, अरुंद, झाकलेल्या विहिरीत प्राणवायू कमी पडतो आणि जड वायू तळाशी साचतात. काही कळायच्या आत शुद्ध जाते. वरून बघणारा दुसरा घाईने उतरतो आणि तोही वर येत नाही. "कंदील सोडून बघा, विझला नाही तर उतरा" असं सांगणारे भेटतील. कार्बन मोनॉक्साइडने कंदील विझत नाही, माणूस विझतो. त्याच कारणाने पेट्रोल-डिझेलचं इंजिनही विहिरीच्या आत उतरवून चालवायचं नाही.

आधी पेटी

व्होल्टेज मोजा, पण मोटर चालू करून, तिने करंट ओढत असताना. नुसत्या उघड्या लाइनवर मीटर २३० दाखवतो आणि मोटर लावली की १८० वर येतो. मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मोटरला दोष देऊ नका, वीज नीट होईपर्यंत थांबा. थ्री फेज असेल तर तिन्ही फेजमधलं व्होल्टेज बघा. एक फेज गेली असेल तर मोटर नुसती घुमते, आणि तशीच घुमत ठेवली तर मग खरोखरच जळते.

मग मेन स्विच बंद करून झाकण उघडा. काळी पडलेली टोकं, सैल स्क्रू, कॉन्टॅक्टवर मेलेली पाल किंवा मुंग्यांची वस्ती. हसू नका, मुंग्यांनी मला दोनदा पळवलंय. सिंगल फेज पेटीत कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला धक्का देणारा डबा, बघा. फुगला असेल, तेल सुटलं असेल तर गेलाच. तसा दिसत नसेल तरी मोजा. हात लावण्याआधी त्यातला चार्ज बल्ब जोडून उतरवा, वीज बंद असली तरी तो झटका देतो. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा आकडा तोच किंवा जास्त.

ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रिले, पडला असेल तर गार होऊ द्या आणि एकदाच उठवा. पुन्हा पडला तर तो काहीतरी सांगतोय. त्याची सेटिंग वाढवणं, हिरव्या बटणात काडी खोचून ठेवणं, फ्यूजच्या जागी तार बांधणं यातून मोटर चालू झाल्यासारखी वाटते, एवढंच. पुढचा खर्च रिवाइंडिंगचा.

आता क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) एका वायरीभोवती लावून मोटर चालू करा. करंट शून्य म्हणजे वायर कुठेतरी तुटलेली किंवा कॉन्टॅक्ट बसत नाही. करंट भरपूर आणि पाणी नाही म्हणजे पंप गाळाने जाम आहे, किंवा व्होल्टेज कमी आहे, किंवा कपॅसिटर गेलाय. करंट नेहमीपेक्षा कमी आणि पाणी नाही म्हणजे मोटर फिरतेय पण पाणी उचलत नाही : पातळी खाली गेली, पाइप फाटला किंवा मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तुटलं. हे तीन निकाल पाठ करा, निम्मं निदान इथेच होतं. "नेहमीपेक्षा" कळायला नेहमीचा आकडा माहीत हवा, त्याचं शेवटी सांगतो.

पाण्याची पातळी सुतळीला नट बांधून मोजा. खाली गेली असेल तर मोटर बंद ठेवून काही तास झऱ्यांना वेळ द्या. दर पाच मिनिटांनी "आलं का बघू" म्हणून बटण दाबणाऱ्यांनी पंप कोरडे चालवून जाळले आहेत.

काठावरचा मोनोब्लॉक असेल तर

मोनोब्लॉक म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला, पाण्याबाहेर बसणारा पंप. तो बहुतेकदा हवा धरतो. पंपात पाणी भरा, यालाच प्रायमिंग म्हणतात. भरता भरता पातळी उतरत असेल तर फूट व्हॉल्व्हमध्ये पान किंवा खडा अडकलाय : पाइप वर ओढा, साफ करा, वॉशर बदला. पातळी टिकते पण चालू केल्यावर पाणी तुटतं, तर सक्शनच्या एखाद्या जॉइंटमधून हवा आत जातेय. तिथून पाणी गळत नाही, त्यामुळे डोळ्याला दिसत नाही. एकेका जॉइंटवर ग्रीस थापत जा, आवाज बदलला की सापडलं. आणि पाण्याची पातळी पंपाच्या सात-साडेसात मीटर खाली गेली असेल तर कितीही प्रायमिंग करा, उपयोग नाही. सक्शनमध्ये पाणी बाहेरच्या हवेच्या दाबाने वर ढकललं जातं, आणि तो दाब गणिताने जेमतेम १०.३ मीटर पाणी तोलतो. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी.

सबमर्सिबल : काढायच्या आधीची शेवटची तपासणी

सबमर्सिबल म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर. वीज बंद, मोटरच्या वायरी पेटीतून सुट्या. कुठली वायर कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा, रंगांवर विश्वास ठेवू नका. मधे कुणीतरी जॉइंट मारताना रंग बदललेला असू शकतो.

तीन वायरींच्या सिंगल फेज मोटरचे ओहम तीनही जोड्यांत मोजा. सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका आला पाहिजे, कारण तिथे मीटर स्टार्ट आणि रन दोन्ही वाइंडिंग एकापाठोपाठ मोजतो. बेरीज जुळली तर वाइंडिंग अखंड आहे. थ्री फेजला तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत.

त्यानंतर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्शुलेशन किती पक्कं आहे ते मोजणारा मीटर, एकेक वायर आणि अर्थ यांच्यामध्ये. केबलसकट बोअरमध्ये असलेल्या मोटरीला दोन मेगओहम किंवा वर आलं तर ती ठणठणीत. अर्ध्या मेगओहमच्या खाली गेलं तर कुठेतरी पाणी शिरलंय. पण कुठे? मोटरमध्ये की जॉइंटमध्ये, ते वरून कळत नाही. आता मात्र काढावी लागते.

वर काढणं

तिवई, चेन पुली, पाइपला दोन क्लॅम्प : एक धरायला, एक उचलायला. केबलने ओढायचं नाही, कधीच नाही. वजनाचा अंदाज आधी घ्या. सव्वा इंची जीआय पाइप ६० मीटर असेल आणि पाणी परत खाली न सोडणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हमुळे आत पाणी भरलेलं असेल तर नुसता पाइपच अडीचशे किलोच्या आसपास जातो. हाताने काढू म्हणणाऱ्याला बाजूला बसवा. बोअरच्या तोंडावर गोणपाट अंथरा, निसटलेला नट आत गेला तर तो मोटर आणि केसिंगच्या फटीत पाचरीसारखा बसतो.

जॉइंट

मोटर वर आली. आधी जॉइंटच्या खाली, मोटरकडच्या वायरीवर मेगर लावा. आकडा चांगला असेल तर मोटर वाचली, चोर जॉइंट आहे.

मी केलेला पहिला जॉइंट आठव्या दिवशी गेला. तारा पिळल्या होत्या, प्रत्येकीवर काळी पीव्हीसी टेप गच्च गुंडाळली होती, वरून सगळ्यांना मिळून आणखी अर्धं बंडल. दिसायला अगदी मजबूत. आठवड्याने ओव्हरलोड पडायला लागला, पुन्हा सगळे पाइप वर. टेपचं टोक धरून ओढलं तर ती मोज्यासारखी अख्खी निघून आली, आतून चिकट पाणी टपकलं आणि तांबं हिरवं झालेलं. दुसऱ्यांदा तीच टेप दुप्पट गुंडाळली. महिना टिकला. तेव्हा डोक्यात शिरलं की पीव्हीसी टेपचा डिंक पाण्यात सुटतो. थर दोन असोत की वीस, त्याला फरक पडत नाही.

दुसरी चूक मला खूप उशिरा कळली. पाणी शिरलं की ते तारांच्या मधून केशाकर्षणाने वर चढत जातं. जॉइंट कापून तिथूनच नवा केला तर जुनं पाणी नव्या जॉइंटच्या आतच राहतं. म्हणून केबल कापत जा, तांबं लख्ख दिसेपर्यंत. काळी, निस्तेज तार दिसली की आणखी वीतभर कापा. केबल वाया जाते म्हणून जीव कासावीस होतो, होऊ द्या.

आता तिन्ही तारा एकाच लांबीवर कापू नका. पहिली आखूड, दुसरी चार बोटं लांब, तिसरी आणखी चार बोटं, आणि समोरच्या बाजूला नेमकं उलटं. असं केलं की तीन जॉइंट एकमेकांच्या शेजारी येत नाहीत. एखादा कच्चा राहिला तरी दुसऱ्याला भिडत नाही आणि जाडीही कमी राहते. जाड गाठ केसिंगला घासते.

आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) तारा जोडण्याच्या आधी प्रत्येक तारेवर सरकवून ठेवा, आणि सगळ्यांवर मिळून बसणारी मोठी स्लीव्ह अख्ख्या केबलवर. हे विसरून उत्तम जॉइंट करून मग कपाळावर हात मारणारा मी एकटा नाही.

तारा नुसत्या पिळू नका. तारेच्या मापाची नळी घाला आणि क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा, साध्या पक्कडीने चेपून भागत नाही. दाबून झाल्यावर दोन्ही बाजूंनी जोरात हिसका द्या. निघाली तर इथेच निघू दे, खाली निघण्यापेक्षा बरं. सोल्डरचे भक्त बरेच आहेत. माझा अनुभव असा की सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि मोटर सुरू होतानाच्या झटक्यांनी त्याच कडेला तुटते.

जॉइंटच्या दोन्ही बाजूंचं इन्शुलेशन चार-चार बोटं बारीक पॉलिश पेपरने खरवडा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ग्रीसचा हात लागला तर परत पुसा. गुळगुळीत किंवा तेलकट प्लॅस्टिकला गोंद धरत नाही. स्लीव्ह मध्यावर आणून मधूनच तापवायला सुरुवात करा, मग एका टोकाकडे, मग दुसऱ्या. उलट केलंत तर हवा मधे कोंडते. दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कड बाहेर डोकावली म्हणजे झालं. लायटरने करू नका, काजळी धरते आणि एकच बाजू करपते. हीट गन आणा.

स्लीव्ह मिळाली नाहीच तर आपल्या आपल्यात चिकटून एकजीव होणारी रबर टेप वापरा. ती ताणून ताणून गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकेल अशी, जॉइंटच्या पुढे मूळ इन्शुलेशनवरही चार बोटं जाईल इतकी, किमान तीन थर. न ताणता गुंडाळली तर ती एकजीव होत नाही, आणि ही चूक बहुतेक जण करतात. पीव्हीसी टेप तिच्या वरून, फक्त घासण्यापासून जपायला.

मग बादली. पाण्यात मूठभर मीठ, जॉइंट पूर्ण बुडवलेला, केबलची टोकं बाहेर कोरडी. मोटरकडचं टोक अजून जोडलेलं असेल तर मोटर जमिनीला किंवा पाइपला न टेकता कोरड्या लाकडावर ठेवा. अर्धा तास थांबा आणि मेगरचं एक टोक तारेला, दुसरं पाण्यात सोडा. काटा शेकडो मेगओहमवर असला पाहिजे. खाली आला तर तिथेच कापा आणि पुन्हा करा. संध्याकाळ होत आलेली असते, सगळे कंटाळलेले असतात, "चालेल हो, सोडा खाली" असं कुणीतरी म्हणतंच. मी एकदा ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तिवई, तीच माणसं.

परत सोडणं

वॉटर फिल्ड, म्हणजे आत पाणी भरून चालणारी मोटर असेल तर सोडण्याआधी स्वच्छ पाण्याने भरा. जमिनीवर कोरडी "एकदा फिरवून" बघू नका, तिच्या बेअरिंगला पाणी हेच वंगण आहे. शाफ्ट हाताने फिरतोय एवढं पुरे.

जॉइंट पाइपच्या कपलिंगवर नको, सरळ अंगावर बांधा. प्लॅस्टिक पाइप असेल तर दोन टायच्या मध्ये केबल किंचित सैल ठेवा, वजनाने पाइप ताणला जातो आणि तंग केबल तुटते. मोटर तळाला टेकवायची नाही, चार-पाच मीटर वरच. सेफ्टी दोर वेगळा. थ्री फेज असेल आणि पाणी कमी येत असेल तर बहुधा उलटी फिरतेय. स्टार्टरमध्ये कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करा. वाळू येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धा उघडून सलग चालवा, मधे बंद केलं तर वर आलेली वाळू पंपातच बसते.

उघडलेली विहीर पिण्यासाठी वापरायच्या आधी क्लोरीन द्या. १५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये दर मीटरला साधारण १७.७ लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ ४० मीटर म्हणजे सुमारे ७०० लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर साधारण २१० ग्रॅम लागते. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ तेवढंच ओता. नळीने पाणी परत बोअरमध्ये फिरवा, नळाला वास येईपर्यंत. बारा तास तसंच ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा, आणि पाणी तपासून आल्यावरच प्या. ब्लीचिंगची बादली आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो.

आता मार्कर घ्या आणि स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा : तारीख, पाइप किती, मोटर किती खोल, पाणी किती खोल, चालू असताना व्होल्ट आणि अँपिअर किती, जॉइंट वरून कितव्या मीटरवर. पेन्सिलने लिहू नका, दमटपणात पुसतं.