सांगलीत बसून एमपीआय रिकन्स्ट्रक्शन शिकायचंय? मग हे वाचा

घरी सांगितलं की मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंगवर (एमपीआय) प्रोजेक्ट आहे, की सगळे म्हणतात म्हणजे एमआरआयच की, मिरजेत हॉस्पिटलं काय कमी आहेत, लागेल पोरगं कामाला. तसं नसतंय ते. इथं सिग्नल येतो फक्त शरीरात सोडलेल्या आयर्न ऑक्साइडच्या नॅनो कणांचा, हाडं-मांस मशीनला दिसतच नाही. ग्लाइश आणि वाइत्सेनेकर यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, दोघं फिलिप्सच्या हॅम्बुर्गच्या लॅबमधले.

स्कॅनर नाही म्हणून अडून बसू नका. ओपनएमपीआयडेटा नावाचा खऱ्या स्कॅनरवरचा डेटा फुकट मिळतो, ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतलं एमपीआयरेको पॅकेजपण फुकट, मोजलेल्या सिग्नलवरून इमेज बनवायला (म्हणजेच रिकन्स्ट्रक्शनला). फायली दांडग्या आहेत, रात्री डाउनलोडला लावून झोपायचं.

आता मुद्द्याचं. ट्रेसरचा (म्हणजे त्याच नॅनो कणांचा) एक ठिपका रोबो जागोजागी नेतो आणि प्रत्येक जागेचा सिग्नल नोंदवतो, तीच सिस्टिम मॅट्रिक्स. ३० × ३० × ३० चा ग्रिड धरला तर २७,००० जागा झाल्या. त्यावरून उलटं गणित करून कण कुठं किती आहेत ते काढायचं, आणि हे गणित इतकं नाजूक की सिग्नलमध्ये जरासा नॉइज आला तरी इमेजचा पार चिवडा होतो. नवीन पोरं लगेच डीप लर्निंगकडं पळतात, माझं म्हणणं आधी डेटा साफ करा राव. रिकाम्या स्कॅनरचं मेजरमेंट वजा करा, ड्राइव्ह फील्ड (कणांना हलवणारं चुंबकीय क्षेत्र) साधारण २५ किलोहर्ट्झला असतं त्याच्या आसपासचं फिल्टरमध्येच जातं म्हणून खालच्या फ्रिक्वेन्सी सोडा, आणि उरलेल्यांतल्या एसएनआर (नॉइजच्या मानानं सिग्नल किती) कमी असलेल्या गाळा. मग काचमार्झ (हे उलटं गणित टप्प्याटप्प्यानं सोडवायची पद्धत) चालवायचा, लॅम्डा (नॉइज किती दाबायचा ते ठरवणारा आकडा) दर वेळी दहापट बदलत, आणि सगळ्या इमेज शेजारी-शेजारी लावून बघायच्या. लॅम्डा कमी पडला की दाणेदार कचरा दिसतो, जास्त झाला की दोन जवळजवळचे ठिपके एकात मिसळतात, मधली जागा डोळ्यालाच कळते, एल-कर्व्ह (लॅम्डा निवडायचा आलेख) मदतीला आहेच.

आणि ज्या मॅट्रिक्सनं डेटा बनवला त्याच मॅट्रिक्सनं इमेज काढून पीएसएनआर (इमेज मूळ चित्राशी किती जुळते त्याचा आकडा) मिरवू नका, पेपर स्वतःच काढून स्वतःच तपासल्यासारखं आहे ते, व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येतो. सिम्युलेशन करायचंच तर डेटा बारीक ग्रिडवर बनवा, वरून नॉइज टाका, मग जाड ग्रिडवर सोडवा.

बाकी ज्युलिया पहिल्यांदा पॅकेज लोड करताना लई वेळ खाते, हँग झालं म्हणून बंद करू नका, चहा मारून या.