बायपासनंतरचे चेस्ट ड्रेन: नळी बदलली की चूकही बदलते

चेस्ट ड्रेन म्हणजे ऑपरेशननंतर छातीत साठणारं रक्त, पाणी, हवा बाहेर काढणारी नळी. “जाड नळी चांगली की बारीक?” इंदूरच्या हार्ट आयसीयूत नव्याने आलेली सिस्टर मंडळी हे हमखास विचारतात. पण एका ड्रेनची सवय दुसऱ्याला लावण्यातूनच निम्मे घोळ होतात.

आधी २८ ते ३२ फ्रेंचची जाड पीव्हीसी (प्लास्टिकची) नळी बघू. फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे ३२ची नळी साडेदहा मिलिमीटरहून जाड. ती टोचते, पेशंट खोकायला घाबरतो आणि छातीत कफ साठतो. एवढी जाड आहे म्हणजे तुंबणार नाही, हा समज मात्र चुकीचा. गुठळी तिच्यातही अडकते. मग कुणीतरी बोटांत चिमटून नळी सरसर ओढत नेतो. सक्शन, म्हणजे नळीतून ओढण्याचा जोर, एरवी उणे १० ते २० सेंटिमीटर पाण्याचं असतं. अशा ओढण्याने ते क्षणभर उणे ४०० पर्यंत जाऊ शकतं. हृदयशस्त्रक्रियेच्या २०१९च्या ईआरएएस (ऑपरेशननंतर पेशंट लवकर बरा व्हावा म्हणूनच्या) शिफारशींतही हे करू नका असंच आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक चार्टवर होते. तासाला दीडशे मिली येणारं रक्त अचानक दहावर आलं, की “ब्लीडिंग थांबलं” असं लिहून मोकळं व्हायचं! त्याच वेळी बीपी उतरतंय, सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) चढतंय, नाडी धावतेय, लघवी कमी होतेय का, ते बघा. तसं असेल तर नळी तुंबून रक्त हृदयाभोवती साठत असू शकतं. सर्जनला लगेच फोन करा, पुढच्या तासाच्या नोंदीची वाट बघू नका. मेडियास्टायनल (हृदयाजवळच्या) आणि प्लूरल (फुप्फुसाभोवतालच्या पोकळीतल्या) नळ्या वाय-कनेक्टरने (दोन नळ्यांच्या जोडाने) एकाच बाटलीत सोडल्या असतील, तर कुठली गप्प झाली हे कळतच नाही.

ब्लेक ड्रेन सिलिकॉनचा, बहुधा १९ किंवा २४ फ्रेंचचा. मऊ असल्याने पेशंटला तो बराच सुसह्य. त्याला भोकं नसतात, बाहेरून चार लांब खाचा असतात. खाचेचा भाग त्वचेबाहेर दिसला तर तो हवा ओढणार. सिलिकॉन जोराने खेचलं तर तुटूही शकतं. बल्ब (दाबून ओढ देणारा फुगा) लावला असेल तर तो भरला की त्याची ओढ संपली. रिकामा करा, दाबा, दाबलेला असतानाच झाकण लावा. फुप्फुसातून हवा गळत असेल तर बल्बच्या भरवशावर राहू नका.

पिगटेल, म्हणजे टोक वळलेली बारीक नळी, काही दिवसांनी साठलेल्या पातळ पाण्यासाठी. ताज्या रक्तासाठी नव्हे. “काहीच येत नाही” म्हणून बोलावलं, तर आधी थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची तोटी) उघडा आहे का ते बघा. डिजिटल ड्रेन हवेची गळती आकड्यांत दाखवतो. अलार्म नुसता बंद करणार असाल तर त्याचा उपयोग काय?

आता ड्रेन जिला जोडतात ती बाटली. भिंतीचं सक्शन बंद केलं पण त्याची नळी तशीच जोडलेली राहिली, तर हवेची वाट बंद होते. ती काढून तोंड मोकळं ठेवा. वॉटर सीलची (हवा छातीत परत जाऊ न देणाऱ्या पाण्याची) नळी पाण्यात साधारण २ सेंटिमीटर हवी. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी, की सक्शन चालू असताना बाटलीतल्या पाण्याची पातळी भराभर उतरते. शिफ्ट घेताना डोळा टाका. प्लूरल नळीत श्वासाबरोबर पाणी वरखाली होतं. मेडियास्टायनलमध्ये ते झालं नाही तर घाबरू नका. तिथे बुडबुडे दिसले तर मात्र जोड तपासा, नाहीतर प्लूरा (फुप्फुसाभोवतालचं आवरण) उघडला असेल. गादीवरून नळीचा झोका लोंबत असेल तर रक्त तिथेच साचतं, पुढे जात नाही.

रामबागेतल्या एखाद्या काकू म्हणतातच, “सिस्टर, बाटली पायात येते, जरा पलंगावर ठेवा ना!” ठेवू नका. पेशंटला चालवताना नातेवाईक बाटली हौसेने खांद्यापर्यंत उचलतात, किंवा सांडू नये म्हणून नळीला चिमटा लावायला सांगतात. बाटली छातीच्या खाली, उभी, चिमटा न लावता. हे त्यांना चालवण्याआधीच सांगा, आणि हिंदीतही सांगा.