काजूच्या हंगामात उष्माघात कसा टाळावा

गोव्यात पारा चाळिशी क्वचितच गाठतो, म्हणून उष्माघात हा विदर्भातला आजार असा आपला समज. तो जिवावर बेतू शकतो. घाम वाळला तरच अंग निवते; आपल्या दमट हवेत तो नुसता निथळतो. पाणी गेले, मीठ गेले, ताप मात्र आतच. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे हे वाढतच जाणार. 2023 मध्ये तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच उष्णतेच्या इशाऱ्यामुळे शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या. नेमका तेव्हाच काजू वेचायचा हंगाम.

अंगाला आधी सवय लावा. नवख्या माणसाने पहिल्या दिवशी कामाचा पाचवा हिस्साच करावा आणि रोज तेवढाच वाढवावा. आठवडाभराचा खाडा पडला तर ही सवय मोडते.

बोंडू (काजूची फळे) वेचायला उजाडताच निघा, साडेदहापर्यंत सावलीत या, उरलेले काम चारनंतर. तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतेय. जेवणाला पेज आणि मिठातला तोर, म्हणजे खारवलेली कैरी, उत्तम. रक्तदाबवाल्यांनी मिठाचे मात्र डॉक्टरांना विचारावे. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू, भाटात (बागायतीत) नकोच, त्याने लघवी वाढून शरीर आणखी सुकते.

पेटके आले, डोके गरगरले तर काम थांबवून सावलीत बसा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवा आणि घोटघोट प्या. ओआरएसचे लिटरचे पाकीट एका पेल्यात ढवळणे ही नेहमीची चूक आहे. मीठ जास्त होऊन अपाय होतो.

माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला की तो उष्माघातच समजा, अंग घामाने भिजलेले असले तरी. 108 ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. कपडे सैल करा, कळशीने अंगावर पाणी ओतत राहा, सुपाने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघांत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. पॅरासिटामॉलही नको: हा जंतूंचा ताप नव्हे, गोळीने उतरत नाही, उलट यकृतावर भार पडतो.

म्हणूनच भाटात एकट्याने जाऊ नये. बरळणाऱ्याला स्वतःचे बरळणे कळत नाही.