पाना लावण्याआधी: सायकल दुरुस्ती शिकताना या चुका टाळा

कार्यशाळेत नवख्या माणसाची पहिली फजिती बहुतेक वेळा डाव्या पेडलपाशी होते. माझीही तिथेच झाली. पेडल हलेना, म्हणून पान्याला पाइप लावून अंगचा सगळा जोर घातला. ते फिरलं खरं, पण आणखी आवळून बसलं. शेजारच्या स्टँडवर ब्रेक लावत असलेल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “डावं आहे ना ते?”

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडल मारताना त्याच्या दांड्यावरचा भार सारखा फिरत राहतो आणि त्यामुळे दांडा कणाकणाने फिरू बघतो. डावीकडेही सरळ आटे असते, तर पेडल चालता चालता सुटून आलं असतं. कुठल्या बाजूला कुठली दिशा हे पाठ करत बसू नका. पाना पेडलवर उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. उजवं असो की डावं, सुटतंच. पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. बसवताना मात्र आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. पेडलचा दांडा पोलादी आणि पेडल ज्यात बसतं तो क्रँक बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे तिरका घुसला तर आटे क्रँकचेच जातात, आणि मग सगळा क्रँकच बदलावा लागतो.

सगळ्यांची मिळून असलेली कार्यशाळा म्हणजे अवजारं सगळ्यांची, सायकल तुमची आणि काळे हातही तुमचेच. अनुभवी कोणीतरी शेजारी असतं, पण काम तुम्ही करायचं. इथल्या चुका मी आधी स्वतः केल्या, मग शिकवायला उभा राहिल्यावर इतरांच्या पाहिल्या. बहुतेक एकाच घाईतून येतात: दोष सापडायच्या आधीच पाना लागतो.

पंक्चर काढलं, काटा तसाच राहिला

ट्यूबला ठिगळ लावून, हवा भरून माणूस खुशीत घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसलेलं. भोक बुजवलं, पण ते कशाने पडलं हे पाहिलंच नाही. ट्यूब टायरमधून ओढून काढताना ती टायरमध्ये कुठे होती याची खूण ठेवा. टायरवरचं नाव वॉल्व्हसमोर येईल असा टायर बसवायची पद्धत आहे, ती याचसाठी. ट्यूबवरचं भोक वॉल्व्हपासून वीतभर दूर सापडलं, तर टायरमध्येही नावापासून वीतभर अंतरावर शोधायचं.

भोक स्वतःच बरंच सांगतं. बाहेरच्या अंगाला एकच टोचा असेल तर काटा, काच किंवा तार. शेजारी शेजारी दोन छोट्या चिरा असतील तर हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडांत चेंगरली. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या अंगाला असेल तर टायरमध्ये काही शोधू नका. रिमची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं टोक नाहीतर रिमच्या भोकाची धार टोचते आहे. टायर आतून तपासताना उघडं बोट फिरवू नका, कापसाचा बोळा किंवा फडकं फिरवा. बारीक तार असली की त्यात धागा अडकतो.

ठिगळ लावताना सगळ्यांचा धीर एकाच जागी सुटतो. पॉलिश पेपरने रबराची चकाकी घालवली, सोल्यूशनचा पातळ थर दिला, आणि ओल्यावरच ठिगळ दाबलं. सोल्यूशन सुकू द्यायचं असतं. पाचेक मिनिटांनी ओली चमक गेली की मग ठिगळ, आणि मग दाब. ओल्यावर लावलेलं कडेने सुटतंच.

टायर चढवताना शेवटची वीतभर कड चढेना, म्हणून लोक टायर काढायचा लिव्हरच परत घालतात आणि नव्या ट्यूबला स्वतःच भोक पाडतात. रिमचा मधला भाग खोलगट असतो. बसलेली कड चहूबाजूंनी त्या खोलगटीत ढकलत या, टायरला तेवढी सैल मिळते आणि उरलेला भाग अंगठ्यांनी चढतो.

नवीन टायर घेताना ‘२६ इंच’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. २६ इंची म्हणून ओळखले जाणारे टायर एका मापाचे नसतात: माउंटन बाइकचा ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, २६ × १ ३/८ हा ५९० च्या. जुन्या टायरच्या अंगावरचा तीन आकडी अंक पाहा, तोच खरा.

चाकाचा आउट काढताना

आउट म्हणजे फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलणं. इथे माझं मत जरा कडक आहे: पहिल्या महिन्यात स्पोकच्या चावीला हात लावू नये, आणि लावलाच तर मोडीत निघालेल्या चाकावर. कारण आउट काढायला गेलेला माणूस बहुधा आउट वाढवून परत येतो.

गफलत दिशेची होते. निप्पल स्पोकवर चढणारा नट आहे, पण तो उलटा उभा असतो. टायर काढून रिमच्या बाहेरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यावर आवळतो. पण चाक समोर धरून हबकडून, म्हणजे मधल्या तुंब्याकडून, रिमकडे पाहिलं की तेच फिरवणं उलटं दिसतं. माणूस सैल करायचा तो आवळतो, मग घाबरून दुप्पट आवळतो. चावी लावण्याआधी बाहेरून बघत असल्याची कल्पना करा, पाव फेरा द्या, थांबा, चाक फिरवून पाहा. रिम उजवीकडे येत असेल तर तिथले डाव्या बाजूचे स्पोक पाव फेरा आवळायचे, उजवे तेवढेच सैल सोडायचे. एकाच स्पोकवर सगळा राग काढला तर रिमला कुबड येतं. आणि आधी चाक हातात धरून आडवं हलवून बघा. हबमध्येच खेळ असेल तर स्पोकचा काही दोष नाही.

तेल

चेन कुरकुरते म्हणून वरून भरपूर तेल ओतणं हा सगळ्यात लाडका उपाय. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते, दोन्हींचा मिळून खरवडणारा लगदा होतो आणि तोच चेन खातो. आधी फडक्याने चेन पुसा, प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडा, पेडल उलटे फिरवा, आणि बाहेरून दिसणारं तेल पुन्हा पुसून टाका. तेल आत हवं. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे, हेही लक्षात ठेवा. रिमवर किंवा डिस्कवर एक थेंबही गेला तर ब्रेक नीट लागणार नाही.

चेन झिजली का, ते डोळ्यांना कळत नाही, पट्टीला कळतं. चेनच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे एका पिनेपासून पुढची २४ अंतरं मोजली की बरोबर १२ इंच. ते १/१६ इंचाने वाढलं असेल तर नवी चेन घाला. १/८ इंचापर्यंत ताणलं, तर मागचे दातेही गेले समजा. त्यावर नवी चेन टाकली की ती उसळ्या मारते, आणि लोक चेनलाच नावं ठेवतात.

छर्रे आणि कोन

हब उघडण्याआधी खाली जुनं कापड अंथरा आणि एक वाटी ठेवा. छर्रे जमिनीवर पडले की कपाटाखालीच जातात. साधारणपणे पुढच्या हबला ३/१६ इंचाचे दहा-दहा, मागच्या हबला १/४ इंचाचे नऊ-नऊ असतात, पण मोजून काढा, फोटो घ्या, आणि दोन मापं एकत्र करू नका. बसवताना एका छर्र्याची जागा रिकामी राहत असेल तर बळेच आणखी एक घुसवायचा नाही.

कोन म्हणजे एक्सलवर फिरणारा, छर्रे जागेवर धरणारा निमुळता नट. तो किती आवळायचा, हे हातालाच शिकवावं लागतं. एक्सल बोटांनी फिरवल्यावर खरखर जाणवली तर फार घट्ट, वर-खाली हलला तर सैल. लॉकनट आवळताना कोनही सोबत फिरतो, म्हणून एका हाताने पातळ पान्याने कोन धरून ठेवायचा. माझं पहिल्या दिवशी हेच काम चार वेळा करून झालं. पाचव्यांदा बसलं.

गिअरचं थोडक्यात: चेन नीट चढत नसेल तर डिरेलरवरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावरच्या, ‘एच’ आणि ‘एल’च्या स्क्रूंना हात लावू नका, ते फक्त दोन्ही टोकांच्या हद्दी ठरवतात. आधी केबलच्या टोकाचा अ‍ॅडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाहा. सायकल उजव्या अंगावर पडली होती का, हेही आठवा. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला असेल तर कुठलाच स्क्रू कामाचा नाही.

एक चूक शिकवणाऱ्यांचीही आहे. समोरचा अडखळला की आमचा हात आपसूक पुढे जातो. अशा वेळी पाना सोडू नका. “तुम्ही सांगा, मी करतो” म्हणा.

काम झालं की पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा, खेळ असेल तर हाताला लागतो. हँडलच्या पुढे उभं राहून चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवून पाहा. सीटच्या दांड्यावरची ‘किमान’ खूण फ्रेमच्या नळीत आहे ना, एवढं बघून फाटकापर्यंत एक चक्कर मारा. क्रँक काढून बसवला असेल तर त्याचा बोल्ट पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळायला या.