उत्तानासनात आधी गुडघे सैल सोडा

पहिली दोन वर्षं मी उत्तानासन, म्हणजे उभं राहून पुढे वाकायचं योगासन, चुकीचं करत होते. गुडघे ताठ, पाठीला पोक आणि सगळं लक्ष बोटं जमिनीला टेकतात का याकडे. एकदा शिकवणाऱ्यांनी "अजून थोडं" म्हणत पाठ दाबली आणि उजव्या कुल्ल्याखाली, बसताना जे हाड टेकतं तिथे, बारीक कळ आली. ती सात महिने राहिली. जिना चढताना, खुर्चीवर बसताना, रोज. म्हणून कळकळीने सांगते, जमिनीपर्यंत पोचायची घाई करू नका.

मांडीच्या मागचे स्नायू त्या बसायच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडलेले असतात. गुडघे ताठ केले की ते आधीच ताणले जातात, खुब्यातून पुढे कलू देत नाहीत, आणि उरलेलं सगळं वाकणं कंबरेच्या मणक्यांवर येतं. गुडघे जरा वाकवले की हेच स्नायू सैल पडतात.

पावलांमध्ये खुब्यांइतकं अंतर घ्या. दोन्ही हातांची बोटं जांघेच्या घडीत ठेवा, पोट आणि मांडी मिळतात तिथे. श्वास घेत पाठ लांब करा, सोडत पुढे झुका. बोटं त्या घडीत चिमटली गेली पाहिजेत. ती मोकळीच राहिली आणि पोट मात्र दुमडलं, तर तुम्ही कंबरेतून वाकताय. वर या, गुडघे वाकवा, पुन्हा झुका. पोट मांड्यांवर टेकेपर्यंत गुडघे वाकले तरी चालतील. मी कितीतरी महिने तसंच केलं.

आता हात सोडा. जमीन लांब असेल तर खुर्चीची बैठक किंवा जाड पुस्तकांची चळत पुढे घ्या. बहुतेक जण इथे टाचांवर रेलतात. वजन थोडं चवड्यांकडे आणा, खुबे घोट्यांच्या बरोबर वर येतील. मान नकार देताना हलवतो तशी हळूच हलवून बघा, ती किती आवळून धरली होती ते कळेल.

पाच श्वास थांबा. प्रत्येक श्वास सोडताना गुडघे किंचित सरळ करा, जमतील तेवढेच. ताण मांडीच्या मागे मधोमध, स्नायूच्या जाड भागात जाणवायला हवा. बसायच्या हाडाशी किंवा गुडघ्याच्या खोबणीत टोचलं, पायात मुंग्या आल्या, तर लगेच गुडघे वाकवा.

येताना घाई नको. हात कंबरेवर, गुडघे सैल, पाठ सपाट, श्वास घेत वर. झटकन उठलं तर रक्तदाब क्षणभर उतरून चक्कर येते.

झोपेतून उठल्या उठल्या हे आसन करू नका. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. तासभर हिंडून-फिरून मग करा. चकती सरकलेली असेल, काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कंबर कुरकुरत असेल त्या दिवशी मी भिंतीसमोर उभी राहते, तळवे भिंतीवर टेकवते आणि पाठ जमिनीला समांतर होईपर्यंतच झुकते. गुडघे तेव्हाही सैलच असतात.