शुगरवाल्यांनो, आधी बीपी बघा

माझी सगळी नोकरी आर्वी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर झाली. निवृत्त झाले तरी गावासाठी मी नर्सबाईच आहे, आणि सकाळी कोणी ना कोणी रिपोर्टचा कागद घेऊन ओसरीत येऊन बसतंच. कागद बहुतेक वेळा शुगरचा. "बाई, 184 निघाली, आता काय खाऊ मी?" मी विचारते, "काकाजी, बीपी किती आहे?" उत्तर ठरलेलं: "ते तं बरोबरच असते, मले काई तरास नाही."

त्रास नाही म्हणजे बीपी नाही, असं होत नसतं. वरचा आकडा 190 असलेली माणसं दिवसभर शेतात डवरणी करून आलेली मी पाहिली आहेत. शुगर फार वाढली तर निदान तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं. बीपी तेवढाही सुगावा लागू देत नाही. आणि शुगर असलेला माणूस जातो तो बहुधा अटॅकने, लकव्याने किंवा किडनी निकामी होऊन, आणि या तिन्हींत बीपीचा हात मोठा असतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी बीपी, मग शुगर. असं का, ते सांगते, आणि दोन्ही आकडे घरी कसे काढायचे तेही.

आकडा वाढला की धोका किती वाढतो

2002 साली 61 अभ्यासांतल्या सुमारे 10 लाख माणसांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. 40 ते 69 या वयात बीपीचा वरचा आकडा 115 च्या पुढे दर 20 ने वाढला की अटॅकने किंवा लकव्याने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. खालच्या आकड्याचं तेच, 75 च्या पुढे दर 10 ला दुप्पट. 115 वाल्याच्या मानाने 135 वाला दुप्पट धोक्यात, 155 वाला चौपट, 175 वाला आठपट. सावकाराच्या चक्रवाढीसारखं हे वाढतं. डॉक्टर 140/90 ला रेघ ओढतात ती रोग ठरवायला आणि औषधाचा विचार करायला. 138 आलं म्हणजे सुटलो, असा तिचा अर्थ नाही.

पट ऐकून घाबरू नका, किंवा घाबरायचंच तर नीट घाबरा. 42 वर्षांच्या धडधाकट बाईचा मूळ धोकाच लहान असतो, त्याची दुप्पट झाली तरी ती लहानच राहते. 64 वर्षांच्या, बिडी ओढणाऱ्या, शुगर असलेल्या माणसाचा धोका दुप्पट झाला तर ती फार मोठी रक्कम आहे. हा हिशेब मांडायला जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 चे रंगीत तक्ते आहेत, दक्षिण आशियाचा वेगळा. वय, बाई की पुरुष, बिडी-सिगारेट, वरचं बीपी, शुगर आहे की नाही आणि कोलेस्टेरॉल, एवढ्यावरून पुढच्या 10 वर्षांत अटॅक किंवा लकवा येण्याची शक्यता शेकड्यात कळते. आरोग्य मंदिरातल्या, म्हणजे गावच्या सरकारी उपकेंद्रातल्या, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमला किंवा सरांना विचारा. कोलेस्टेरॉल तपासलं नसेल तर वजन-उंचीवरचा दुसरा तक्ता वापरतात, पण त्यात शुगर धरलेलीच नसते. शुगरवाल्याने त्या तक्त्यातला हिरवा रंग पाहून खूश होऊ नये.

शुगरचं म्हणाल तर उपाशीपोटी 126 किंवा जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी 200 किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त. याला मधुमेह म्हणतात, आणि त्रास नसेल तर तपासणी पुन्हा करून मगच शिक्का मारतात. 2011 मध्ये निघालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात असं दिसलं, की पन्नाशीला मधुमेह असलेला माणूस नसलेल्यापेक्षा सरासरी 6 वर्षं आधी जातो. नुसता हृदयाने नाही, तर किडनी, जंतुसंसर्ग आणि काही कॅन्सरनेही.

मग बीपी आधी का? ब्रिटनमध्ये नव्याने मधुमेह निघालेल्या लोकांवर वर्षानुवर्षं एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल 1998 मध्ये आले. एका गटाचं बीपी सरासरी 144/82 वर ठेवलं, दुसऱ्याचं 154/87 वर राहिलं. फरक वरच्या आकड्यात फक्त 10 चा. तेवढ्याने मधुमेहाशी संबंधित मृत्यू 32 टक्क्यांनी आणि लकवे 44 टक्क्यांनी कमी झाले. त्याच चाचणीत शुगर कडक ठेवलेल्या गटात डोळे, किडनी यांचं नुकसान चांगलंच कमी झालं, पण मृत्यूंतला फरक तेव्हा ठामपणे दिसला नाही.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच माणसांकडे आणखी दहा वर्षं लक्ष ठेवलं, 2008 मध्ये ते छापून आलं. सुरुवातीला शुगर आटोक्यात ठेवलेल्यांना त्याचा फायदा पुढेही मिळत राहिला, मृत्यूही कमी झाले. बीपीचं मात्र तसं झालं नाही. दोन्ही गटांचं बीपी सारखं झालं आणि आधीचा फायदा विरून गेला. म्हणजे बीपीची गोळी घेता तोवरच तिचं काम. "नॉर्मल आलं म्हणून बंद केली" असं कोणी म्हटलं की मला हीच चाचणी आठवते. नॉर्मल आलं ते गोळीनेच आलं ना भाऊ!

आणि शुगर फार खाली ओढायच्या भानगडीत पडू नका. अमेरिका-कॅनडातल्या एका चाचणीत एचबीएवनसी 6 च्या खाली आणायचा जोर लावला तर त्या गटात मृत्यू वाढले, आणि 2008 मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. लग्नात दोन गुलाबजाम जास्त झाले म्हणून शुगरची गोळी दुप्पट घेणारे आपल्याकडे आहेत. करू नका.

बीपी मोजणं

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो. नवीन मशीन एकदा आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, बिडी नाही आणि खर्रा (सुपारी-तंबाखूची पुडी) नाही. खर्ऱ्याचं मुद्दाम लिहिते, कारण आमच्या माणसांना तो व्यसनात धरायचा असतो हेच पटत नाही. तोंडात खर्रा ठेवून दंड पुढे करणारे मी किती पाहिले! तंबाखूने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात, मग जो आकडा येतो तो तुमचा कमी आणि पुडीचा जास्त. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकवून खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसा. ओट्यावर पाय लोंबकळत ठेवून नाही, मांडी घालून नाही, पायावर पाय टाकूनही नाही. तळवे जमिनीला टेकलेले हवेत. हात हृदयाच्या उंचीवर यायला स्टुलावर घडी केलेली गोधडी ठेवा. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याची बाही वर गुंडाळून आवळून बसली तर सदराच काढा. मोजताना बोलायचं नाही. हे सगळ्यांत अवघड, कारण नेमकं तेव्हाच आमच्याकडे शेजारीण येऊन कापसाचा भाव विचारते.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा. ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे धरायचा. सात दिवस, सकाळी गोळी आणि चहाच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट सोडून. सगळं वहीत. आकडा आवडला नाही म्हणून गाळायचा नाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेलं सरासरी 135/85 किंवा जास्त असेल तर ते दवाखान्यातल्या 140/90 सारखंच समजा आणि वही घेऊन डॉक्टरकडे जा. बाजाराच्या दिवशी उन्हातून चालत येऊन मेडिकलच्या काउंटरवर उभ्या-उभ्या मोजलेल्या एका आकड्यावर गोळी सुरूही करू नका, बंदही करू नका.

शुगर मोजणं

हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चोखलेल्या बोटाची शुगर हमखास जास्त येते. टोचायचं बोटाच्या कडेला, आणि बोट पिळायचं नाही. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही नाही, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, त्यात दूध असतंच. जेवणानंतरची मोजायची तर दोन तास पहिल्या घासापासून धरा. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट बंद करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या स्ट्रिपवर विश्वास ठेवू नका. डबीवर लिहिलेल्या तापमानातच ती राहिली पाहिजे. इन्सुलिनचं त्याहून कडक. फ्रीज नसेल तर पाणी शिंपडलेल्या वाळूत माठ बसवून त्यात ठेवतात, तसं ठेवा.

एचबीएवनसीबद्दल एक गोष्ट विदर्भातल्या माणसाने लक्षात ठेवलीच पाहिजे. ही तपासणी लाल पेशींवर चालते. सिकलसेल (आपल्या भागात आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तिचा आकडा फसवू शकतो, लाल पेशी लवकर मरतात तिथे तो खोटा कमी दिसतो. अंगात रक्त कमी असेल तरी गडबड होते, लोहाची कमतरता असली तर उलट जास्त दिसू शकतो. घरात कोणाला सिकलसेल आहे, तुमच्याकडे पिवळं किंवा लाल कार्ड आहे, तर ते डॉक्टरला आधी दाखवा. मग ते बोटाच्या शुगरवर जास्त भर देतील.

मीठ, गोळ्या आणि उपास

मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा. चमच्याने कोण मोजणार! पिशवीने मोजा. पाच माणसांच्या घरात एक किलोची पिशवी 40 दिवस पुरली पाहिजे. वीस दिवसांत संपत असेल तर दुप्पट चाललंय, आणि लोणचं, पापड, विकतचा चिवडा त्यावर वेगळे.

बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात वर्धा आणि भंडारा तर सुरुवातीच्याच जिल्ह्यांत होते. महिन्याच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच जा. पेरणी लागली की कोणी जात नाही. उन्हाळ्यात उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर वही दाखवून डोस विचारा. मनाने बंद नको.

उपास धरायचा असेल तर आधी गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निरंकार एकादशी करणं धोक्याचं आहे. दरदरून घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली तर शुगर मोजा. 70 च्या खाली असेल, किंवा मोजायला मशीनच नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

थांबायचं नाही तेव्हा

बीपी 180/120 च्या वर आलं, पण माणूस ठीक आहे, तर बसवा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच असेल तर त्याच दिवशी दवाखाना. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवू नका, बीपी एकदम पडलं तर त्यानेच लकवा येऊ शकतो. सोबत छातीत दुखणं, दम, दिसायला कमी किंवा बरळणं असेल तर लगेच 108.

शुगरवाल्याला अटॅक येताना छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, घाम सुटतो, उलटी होते, जीव घाबरा होतो आणि घरचे म्हणतात, "गॅस झाला असन." सोडा पाजत बसू नका.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी लकवा समजून निघा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून 108 वाल्याला फोनवरच विचारा, स्कॅन असलेला जवळचा दवाखाना कोणता. माणसाला शेवटचं ठणठणीत किती वाजता पाहिलं ती वेळ कागदावर लिहा, आणि गोळ्यांची पिशवी व बीपीची वही गाडीत सोबत टाका.