हिरवळीतील क्रॅबग्रासचा रसायनांविना बंदोबस्त

लॉनमध्ये मधूनच फिकट पोपटी रंगाचे, जमिनीलगत चारी बाजूंना पसरलेले ठोंब दिसू लागले, की ते क्रॅबग्रास (दरवर्षी बियांपासून नव्याने उगवणारे गवतवर्गीय तण) आहे की हरळी, याची आधी खात्री करून घ्यावी. हरळीच्या चिवट कांड्या जमिनीखालून लांबवर जातात आणि एखादा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतात. क्रॅबग्रासच्या आडव्या फांद्याही पेरापेरांशी मुळे धरतात खऱ्या, परंतु भूमिगत कांडी त्याला नसते आणि हिमकडाका पडताच ते मरून जाते. मागे उरते ते बी. मोकळ्या जागेत फोफावलेले एक रोप दीड लाखापर्यंत बी टाकू शकते आणि त्यातले बरेचसे काही वर्षे जमिनीत तग धरून राहते, त्यामुळे बंदोबस्त करायचा तो या बियांचा.

म्हणून तुरे येण्यापूर्वीच ते उपटावे. आदल्या दिवशी पाणी देऊन जमीन वापशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली झाली, की पसरलेल्या फांद्या बोटांनी मध्याकडे गोळा कराव्यात, पेरांची मुळे अलगद सुटू द्यावीत आणि मग खुरप्याचे टोक बुडख्याखाली तिरके घालून रोप मुळासकट उचलावे. बोटांसारखे फाकलेले तुरे आले असतील, तर ते कंपोस्टमध्ये टाकू नये. घरगुती ढीग बी मरण्याइतका तापेलच असे नाही. व्हिनेगर फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही, कारण आजूबाजूचे चांगले गवतही त्याने करपते.

उपटलेल्या जागी तळहाताएवढी माती उघडी पडते आणि तिच्यावर ऊन पोचले की खालचे बी उगवू लागते. तो खळगा त्याच दिवशी कंपोस्टने भरावा, पेरणीचा हंगाम नसल्यास वर कापलेल्या गवताचे आच्छादन घालावे. याच कारणाने थंड हवेत वाढणारे लॉन ७ ते १० सेंटिमीटर उंच राखावे आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. (लॉनच हरळीचे असेल, तर ही उंची लागू नाही.) रोज थोडे शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एकदोनदा, पावसासह एकूण अडीच सेंटिमीटर भरेल इतके पाणी द्यावे, सरळ कडांचा डबा लॉनवर ठेवल्यास ते मोजता येते.

थंडी सरताना जमिनीच्या वरच्या थराचे तापमान १३ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावले, की क्रॅबग्रास उगवू लागते. त्याआधी १०० चौरस मीटरला सुमारे १० किलो मक्याचे ग्लूटेन (मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणारी प्रथिनयुक्त भुकटी) पसरून हलके पाणी द्यावे आणि नंतर एकदोन दिवस जमीन कोरडी राहू द्यावी. ते उगवत्या बियांची मुळे धरू देत नाही, शिवाय सुमारे १० टक्के नत्र असल्याने खताचेही काम करते. उगवून आलेल्या रोपांवर मात्र त्याचा उपयोग नाही. लॉनचे बीही ते तसेच मारते, त्यामुळे ग्लूटेन आणि पेरणी एकाच वेळी करू नये.

थंड हवेच्या गवताची पेरणी उन्हाळा ओसरताना करावी. तोवर क्रॅबग्रासचा जोर संपत आलेला असतो आणि नव्या रोपांना थंडीपूर्वी मुळे धरायला वेळ मिळतो. दाताळ्याने मेलेले गवत ओरबाडून काढावे, घट्ट झालेल्या जमिनीला भोके पाडावीत, मग बी फेकून त्यावर अर्धा सेंटिमीटर चाळलेले कंपोस्ट पसरावे आणि पायाने दाबावे. उगवण होईपर्यंत वरचा थर ओला ठेवावा लागतो, म्हणून तेवढ्या काळापुरते रोजचे हलके शिंपण चालेल.